पालक सभा कोणाच्या सोयीने?

अंगणवाडीच्या पालक सभेला आईवडील येत नाहीत, ही तक्रार सेविकेपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळेच करतात. सभा बहुधा सकाळी अकराच्या सुमारास असते. त्या वेळी आई खुरपायला गेलेली असते किंवा चार घरची धुणीभांडी करत असते आणि वडील गवंड्याच्या हाताखाली असतात. तासाभराच्या सभेसाठी दिवसाचा रोज बुडतो. तरी वहीत शेरा पडतो, ‘पालक उदासीन.’ हा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालकांना असा दोष देत बसण्यात वेळ घालवला नाही. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं केंद्र सुरू झालं, पण गरीब वस्तीतली मुलं तिथे येईनात. तेव्हा वर्गच वस्तीतल्या अंगणात भरू लागला. अंगणात वर्ग भरला की हातातलं काम न सोडता आईला तो दिसतो, आजीला ऐकू येतो. वेगळी सभा बोलवावी लागत नाही. पुढे कोसबाडला मुलं गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यात थोरलीची शाळा बुडते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. घराची अडचण आधी ओळखायची आणि तिच्याप्रमाणे शाळा बदलायची, ही त्यांची रीत होती.

त्या रीतीचा थोडा अंश ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने २०२२ पासून ते राज्यभर चाललं. पहिलीत जाणाऱ्या मुलांचे मेळावे, शेजारपाजारच्या आयांचे छोटे गट, प्रत्येक गटात एक ‘लीडर माता’ आणि फोनवर येणारे घरगुती खेळ. शेंगा सोलताना मोजायला लावणं किंवा धुतलेले कपडे लहान-मोठे असे वेगळे करायला सांगणं हे कुठल्याही आईला जमतं. ज्या बाईला आजवर शाळेच्या दारात फक्त सही-अंगठ्यासाठी बोलावलं गेलं, तिला इथे शिकवणारी मानलं आहे. मला याचं मोल फार वाटतं.

मात्र गट ‘मातां’चा आणि घरातला एकुलता फोन अनेकदा वडिलांच्या खिशात! वडिलांकडून अशा योजना एवढं कमी का मागतात? रात्री जेवताना पोराला दिवसभराचं विचारणं, बाजाराच्या दिवशी सोबत नेऊन भाव ऐकवणं हे बापाचंही काम आहे, आणि तसं त्याला सांगायला हवं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतं आणि हंगाम संपल्यावरच परततं. मधले पाच-सहा महिने त्यांचं तीन-चार वर्षांचं मूल फडाच्या बांधावर असतं. गावच्या अंगणवाडीच्या हजेरीत त्याचं नाव असतं, कारखान्याजवळच्या अंगणवाडीला ते मूल माहीत नसतं. अशा आईला पालक सभेचं निमंत्रण पाठवून काय होणार? टोळी निघण्याआधी सेविकेने आईवडिलांजवळ बसायला हवं, मुलाला काय येतं ते एका कागदावर लिहून द्यायला हवं. टोळी पोचल्याच्या आठवड्यात कारखान्याजवळच्या सेविकेने खोपीवर जाऊन तो कागद मागायला हवा. आई मोळ्या बांधते, मोजते. मूल शेजारीच असतं. मोजणीचे धडे तिथेही होऊ शकतात, फक्त हे तिला कुणीतरी आदराने सांगितलं पाहिजे. ती घरी बंजारा समाजाची गोरमाटी बोली बोलत असेल, तर तिची गाणी वर्गात आणायलाही तिलाच विचारलं पाहिजे.

पालकांना असं सोबत घ्यायचं तर सभा संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशीच्या सुट्टीत, वस्तीतच घ्यावी लागेल. आहार, वजनं, नोंदी आणि मोबाइलवरची माहिती यांत सेविकेचा दिवस आधीच संपतो, आणि तिला मिळतं ते मानधन. संध्याकाळच्या प्रत्येक सभेचे आणि खोपीवरच्या प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे तिला मिळावेत, आणि ही तरतूद पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी महिला व बालविकास विभागाने करावी.