विमानांच्या कारखान्यातील मोटार

दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या फिल्टन येथील विमान कारखान्यापुढे अवघड प्रश्न उभा राहिला. लढाऊ विमानांची मागणी ओसरली. मग इतक्या कुशल हातांना काम कोणते द्यावे? ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीने मोटारी घडविण्याचे ठरविले. १९४७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'ब्रिस्टल ४००' अवतरली. तिचे इंजिन जर्मनीच्या बीएमडब्ल्यूच्या आराखड्यावर आधारलेले होते. काटेकोरपणा मात्र विमानकारागिरांचा होता.

पुढील मोटारींत ती दृष्टी अधिक स्पष्ट झाली. १९५३ च्या '४०४' पासून सुटे चाक पुढच्या चाकामागील पोकळीत, पत्र्याआड बसविले गेले आणि बॅटरी दुसऱ्या बाजूस. सामानाला पुरी जागा मिळाली, वजनाचा तोलही साधला. १९६१ च्या '४०७' मध्ये क्रायस्लरचे आठ सिलिंडरांचे इंजिन आले; हाताची घडण तशीच राहिली. १९७३ पासून एकटे मालक असलेले टोनी क्रुक लंडनच्या केन्सिंग्टनमधील एकुलत्या एका दालनात ग्राहकांशी स्वतः बोलत.

थोडे आणि टिकाऊ घडविण्याचे हे व्रत सोपे नव्हते. मोजक्याच मोटारी विकणाऱ्याला नव्या संशोधनाचा खर्च पेलत नाही. २०११ साली कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि २०२० मध्ये तिचा कारभार गुंडाळला गेला. मोटारी मात्र उरल्या. भक्कम सांगाड्यावर हाताने चढविलेला पत्रा हातानेच पुन्हा सरळ करता येतो. ज्या सावकाशीने कंपनीचा नफा खाल्ला, तिनेच मोटारींचे आयुष्य वाढविले.