बत्तीस क्लिकचा मोह

ओहायोत एमएस करणाऱ्या माझ्या मावसभावाने दीड वर्षापूर्वी 1992 ची माझदा एमएक्स-5 घेतली. तिकडे सगळे तिला ‘मियाटा’ म्हणतात. दोनच सीट, उघडता येणारा टप, वजन हजार किलोच्या आसपास आणि वय दादापेक्षा जास्त. कमी पैशात जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं, की तिथल्या पोरांच्या तोंडी पहिलं नाव हिचंच. तिसऱ्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला, ‘कॉइलओव्हर टाकतोय. फुल अ‍ॅडजस्टेबल. 32 क्लिक!’ सोबत फोटो. मडगार्ड आणि टायरमध्ये बोट जाणार नाही इतकी खाली बसवलेली कुणाची तरी गाडी. मी उत्तर दिलं, ‘भारी!’

ते ‘भारी’ मला आता मागे घ्यायचंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पावसात, हायवेवरून उतरणाऱ्या वळणावर रस्त्याच्या जोडावरून जाताना त्याच्या गाडीचं मागचं चाक उडालं. गाडी अर्धी गोल फिरून गवतात जाऊन थांबली. दादाला काही झालं नाही, गाडीलाही विशेष नाही. स्पीड तर अगदीच साधा होता. आणि या प्रकारात दोष नशिबाचा नव्हता, निवडीचा होता.

झालं असं, की गाडी खाली बसवली की शॉकअपला आत दबायला जागा कमी उरते. पहिल्या पिढीच्या मियाटात ती मुळातच कमी आहे. चाक वर आलं, की शॉकअप थोडंसं दबून लगेच बम्प स्टॉपवर, म्हणजे त्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणी सस्पेन्शन जवळजवळ संपलेलं असतं. स्प्रिंगऐवजी तो ठोकळा गाडीचं वजन पेलतो, टायरवरचा भार एकदम बदलतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. स्प्रिंग कितीही महागाची असली तरी तिला काम करायला जागाच ठेवली नाही, तर ती बिचारी काय करणार?

माझं म्हणणं अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन घेऊ नका असं नाही. आपण ते उलट्या बाजूने निवडतो, एवढंच. आधी उंची, कारण फोटोत तीच दिसते. मग क्लिकचा आकडा, कारण मित्रांना तो सांगता येतो. मग किंमत. आणि शॉकअपच्या आत काय आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही कुणी विचारला तर.

जुन्या गाडीत तर याच्याही आधी एक काम असतं, बुश बदलायचं. मियाटाच्या चारही चाकांना डबल विशबोन आहे. म्हणजे प्रत्येक चाक दोन आर्मवर, आणि प्रत्येक आर्मच्या सांध्यात रबरी बुश. तीस वर्षांत त्या रबराला भेगा पडतात, तो ढिला होतो. ब्रेक मारला की चाकाची दिशाच किंचित हलते. अशा गाडीला नवे शॉकअप बसवणं म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला रनिंग शूज देणं. (एटीव्ही किंवा फॉर्म्युला कारच्या कॉलेज टीममध्ये असलेली मंडळी इथे मान डोलावतील. सांध्यातला खेळ काय गोंधळ घालतो, हे त्यांनी वर्कशॉपमध्ये रात्र रात्र जागून पाहिलेलं असतं.) पण बुश फोटोत दिसत नाही. दादाने ते बदललेच नव्हते.

आता ‘अ‍ॅडजस्टेबल’ या शब्दाबद्दल. त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि जाहिराती त्या बिनधास्त एकत्र करतात. एक म्हणजे उंची. स्प्रिंगखालची रिंग फिरवली की ती बदलते. त्याने स्प्रिंग कडक होते असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा रिंग फिरवून बदलत नाही. दुसरी म्हणजे डॅम्पिंग. स्प्रिंगची उसळी आवरायचं काम शॉकअपमधलं तेल करतं, आणि वरचा नॉब त्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करतो. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये नॉबने फक्त रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उलगडायचा वेग, बदलता येतो. तेवढंही बऱ्यापैकी पुरतं. उलट स्वस्त सेटमध्ये 32 क्लिक असले तरी पुष्कळदा खरा फरक शेवटच्या चार-पाच क्लिकमध्येच पडतो, बाकीचे नुसते टिकटिक करतात. म्हणून विक्रेत्याला क्लिक किती ते विचारू नका. डॅम्पिंगचा डायनो ग्राफ मागा. नसेल तर नमस्कार करून निघा.

आणि नॉब पूर्ण ‘हार्ड’ला नेला की गाडी स्पोर्टी होते, हेही खरं नाही. रिबाउंड फार कडक केलं, तर एका खड्ड्यात दबलेलं चाक दुसरा खड्डा येईपर्यंत पुरतं खाली येतच नाही. सलग दणके बसले की गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते आणि पुन्हा तोच बम्प स्टॉप.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती माझदाची स्वतःची. 1994 मध्ये कंपनीने अमेरिकेत याच गाडीला जास्त स्पोर्टी ‘आर पॅकेज’ दिलं. त्यात बिलस्टीनचे शॉकअप होते. क्लिक शून्य. इंजिनीअरांनी बसून ठरवलं आणि लॉक केलं. अ‍ॅडजस्टेबल घेतो तेव्हा ती जबाबदारी आपण स्वतःवर घेतो. एका वेळी एकच बदल, तोच रस्ता, तोच स्पीड, टायरमध्ये तीच हवा आणि हातात वही. हे करायचा पेशन्स नसेल, तर फिक्स्ड पण चांगला शॉकअप घेतलेला बरा. उंची बदलली की अलाइनमेंटही करावं लागतं, कारण गाडी खाली गेली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. त्यात ओहायोची एक खास गंमत. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. दोन सीझनमध्ये त्या रिंगा गंजून जाम होतात, आणि ‘अ‍ॅडजस्टेबल’ हा शब्द फक्त खोक्यावर उरतो.

‘आपल्याकडे कुठे मियाटा?’ म्हणाल. खरंय. पण आपल्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, पॅलिओ 1.6 आहे आणि त्यांच्यावर जीव टाकणारी पोरं आहेत. शिवाय आपल्याकडे स्पीडब्रेकर आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमाप्रमाणे तो 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. तुमच्या कॉलेजच्या गेटसमोरचा एकदा मोजून बघा, मग गाडी किती खाली घ्यायची ते ठरवा. कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावर सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये दिलेला निकाल पाहता, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याआधी आरटीओत विचारलेलं शहाणपणाचं.

दादाने शेवटी तो सेट काढला. आधी बुश, मग टायर, मग एकाच नॉबचे शॉकअप आणि मूळ उंचीपेक्षा फक्त दोन सेंटीमीटर खाली. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने वही दाखवली. सहा पानं भरली आहेत. शेवटची नोंद मार्चमधली, ‘पुढे दीड फेरा, मागे एक. आता हात लावायचा नाही.’ मी विचारलं, ‘दादा, मग फोटो?’ तर म्हणतो, ‘गाडी धुतली नाहीये रे.’