मूळची आहे का?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या जीपचं. नातेवाइकांना ती चांगलीच माहीत आहे (निम्म्या लोकांनी ती कधी ना कधी ढकललेली आहे). बाकीच्यांसाठी थोडक्यात ओळख करून देतो. महिंद्राची सीजे-३बी, १९६४ ची. येलदरी धरणाच्या कामावर फिरून फिरून दमली आणि मग सरकारी लिलावात निघाली. १९७९ साली अण्णांनी ती घेतली. तेव्हापासून जिंतूरला आमच्या घरासमोर लिंबाखाली उभी असते.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ ती बघायला आले. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना शौक आहे. माणूस भला, बोलणं गोड. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं, उंच बॉनेटवर हात फिरवला आणि मग विचारलं, "मूळची आहे का?" मी बॉनेट उघडून दाखवलं. आत डिझेल इंजिन बघून त्यांचा चेहरा असा पडला, की स्थळ बघायला आलेल्या माणसाला मुलाची नोकरी सुटल्याचं कळावं. :-)

गोष्ट अशी की या जीपचं जन्माचं इंजिन पेट्रोलचं. 'हरिकेन' नाव, पण प्यायलाही तसंच. १९९० च्या आखाती संकटात पेट्रोल महागलं आणि अण्णांनी हिशेब मांडला. जीप विकायची नाहीतर इंजिन बदलायचं. १९९१ च्या उन्हाळ्यात, माझी दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात, अण्णा आणि मिस्त्रीचाचांनी लिंबाच्या फांदीला चेन कप्पी बांधून जुनं इंजिन उचललं. त्या जागी एका भंगारात निघालेल्या महिंद्राचं डिझेल इंजिन बसवलं. ते मूळ प्युजोचं, म्हणजे फ्रेंच. गाडी अमेरिकन नकाशावर मुंबईत बनलेली, इंजिन फ्रेंच घराण्यातलं आणि दोघांना जोडणाऱ्या पट्ट्या जिंतूरच्या लेथवर कापलेल्या. डिझेलचं वजन जास्त, म्हणून पुढच्या पाट्यात एकेक पान वाढवलं. रेडिएटर मोठा बसवला. माझं काम होतं पाने पुसून हातात देणं आणि शिव्या खाणं. चौदाचा मागितला की मी हमखास सतराचा द्यायचो.

अण्णांनी परवानगी रीतसर काढली होती. आरसी बुकात पेट्रोल जाऊन डिझेल आलं. आजीला चढता येईना म्हणून डाव्या बाजूला एक जादा पायरी वेल्ड केली, ती मात्र कुठल्याच कागदावर नाही.

आता त्या गृहस्थांचा प्रस्ताव ऐका. आमचं जुनं हरिकेन इंजिन अजून गोठ्यात पोत्याखाली आहे. ते म्हणाले, ते पुन्हा बसवा, पायरी कापून टाका, मग मी घेतो. आकडा त्यांनी सांगितला तो इथे लिहीत नाही, पण ऐकून आईने हातातली चाळणी खाली ठेवली.

त्याच रात्री मिशिगनहून आमच्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा फोन. तो तिथे मोटारीच्या धंद्यातच आहे आणि घराच्या गॅरेजमध्ये गेली सहा वर्षं १९६६ ची पॉन्टिअॅक जीटीओ दुरुस्त करतोय. ज्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात त्यातली ही थोरली. दादा म्हणाला, "अरे, विचार कसला करतोस? बसव जुनं इंजिन. मूळ इंजिनाला तोड नाही." त्यांच्याकडे 'मॅचिंग नंबर्स' असा मंत्रच आहे. कारखान्यातून निघताना त्या गाडीत जे इंजिन होतं तेच आजही असल्याचं इंजिनावरच्या आकड्यांवरून जुळलं, की गाडीची किंमत चढते. पॉन्टिअॅक हा ब्रँड २०१० मध्ये बंद झाला, तरी त्याच्या जीटीओचा स्क्रूसुद्धा कॅटलॉगमधून घरपोच येतो. आम्हाला सीजे-३बी चं एक रबर हवं तर जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) पालथं घालावं लागतं. तेव्हा दादाचा शुद्धतेचा आग्रह मला समजतो. पण पटत नाही.

पटत नाही, कारण मूळचं म्हणजे नेमकं कधीचं? दादाच्या जीटीओचीच गोष्ट घ्या. १९६४ मध्ये पॉन्टिअॅकच्या लोकांनी आपल्या मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं इंजिन उचलून मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. मधल्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचाच नियम होता. यांनी पळवाट काढली. हे नवीन मॉडेल नाही, जुन्याच गाडीवर घेता येणारा जादा पर्याय आहे म्हणाले. म्हणजे ज्या गाडीच्या शुद्धतेसाठी दादा सहा वर्षं झिजतोय, ती जन्मतःच नियम वाकवून केलेली इंजिनबदली आहे!

आमच्या जीपचंही तेच. पुण्याच्या पाहुण्यांनी प्रेमाने हात फिरवला ते उंच बॉनेट का उंच आहे? हरिकेन इंजिनात आत येणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, त्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि जुन्या सीजे-३ए च्या बॉनेटखाली मावेना. विलीज कंपनीने १९५३ मध्ये काय केलं, तर बॉनेट आणि पुढची जाळी उंच केली आणि नाव दिलं सीजे-३बी. मिस्त्रीचाचांनी वेगळं काय केलं? फरक इतकाच की विलीजकडे कारखाना होता, आणि चाचांकडे लिंबाची फांदी.

आता कायद्याकडे येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षं उलटलेली गाडी, पण मूळ रूपातली. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं, आणि गाडी रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या. आमची जीप वयाने केव्हाच पात्र आहे. पण ती साठ वर्षं कामात राहिली म्हणून बदलली, आणि बदलली म्हणून तिला वारसा म्हणायचं नाही. जी शेडमध्ये झाकून ठेवली ती वारसा. बरं, उद्या मी हरिकेन परत बसवलं तर ती 'मूळ रूपातली' होणार का? मधली पस्तीस वर्षं आरसी बुकात डिझेल म्हणून लिहिलेली आहेत. पाहुणे म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" मला तेच नको आहे.

२०२१ च्याच डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची भंगारातून केलेली छोटी जीप सगळ्यांनी पाहिली असेल. साठेक हजारांत बनलेली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं, की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. बदल्यात नवी बोलेरो दिली, आणि ती घरची जीप कंपनीने ठेवून घेतली. बोलेरो मिळाली हे चांगलंच झालं. पण त्या माणसाच्या हातची गाडी सुरक्षित करायची तर काय करावं लागेल, हे सांगणारी एकही खिडकी आपल्याकडे नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

इथे कुणी म्हणेल, मग काय, वाट्टेल ते बदलू द्यायचं? अजिबात नाही. आमच्याकडे सायलेन्सर फोडलेल्या बुलेटी रात्री अकराला मेन रोडवरून जातात तेव्हा मीही खिडकीतून दात ओठ खातो. आणि खरं सांगायचं तर आमच्या स्वतःच्या घरातही एक गोष्ट घडली, जी अण्णांच्या हयातीत मी कधी लिहिली नाही.

१९९४ चा श्रावण. आजीसकट सहा जण नेमगिरीहून उतरत होतो. डिझेल झाल्यापासून गाडी स्वस्तात पळायची, म्हणून ओझंही जास्त आणि फेऱ्याही जास्त. शिवाय पेट्रोल इंजिन उताराला गाडी जशी मागे धरतं तसं डिझेल धरत नाही. हे सगळं बदललं होतं, ब्रेक मात्र १९६४ चेच. त्या जुन्या ब्रेकची चारही चाकांना तेलाची एकच लाइन. मागच्या एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं, तेल गळालं आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. अण्णांनी पहिला टाकायला बघितला, तो या गाडीत धावताना पडत नाही. दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी खडीच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आजी म्हणाली, "कामून रे, इथंच उतरायचं का?"

अण्णा हसले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. इंजिन बदललं, पाटे वाढवले, पायरी लावली, आणि ब्रेककडे आपण बघितलं नाही, एवढंच एकदा म्हणाले. पुढच्या आठवड्यात नव्या महिंद्राचा टँडम मास्टर सिलिंडर आणून बसवला. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचं तेल वेगळं, एक बाजू गेली तरी दुसरी धरते.

म्हणून माझं म्हणणं असं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येणार नाही. न्यायालयासमोर होता तो कायदा असाच होता. पण कायदा 'मूळची आहे का' यापाशीच थांबला, तर आमची १९९४ ची गाडी ब्रेकच्या बाबतीत पास होते, कारण ब्रेक अगदी मूळचेच होते! विचारायला हवं ते 'थांबते का'. इतक्या ओझ्याला, इतक्या उताराला, किती फुटांत थांबते ते मोजा. जोड कसा वेल्ड केलाय तो ठोकून बघा. पैसे घ्या हवे तर. तसेही घेताच, जुन्या मोटारीची नोंदणी पुढे चालवायची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना १०,०००. एवढ्या पैशांत ब्रेक तपासून द्यायला हरकत नसावी. गेल्या वेळी तपासणीला गेलो होतो (कुठे ते जाऊ द्या), तर साहेबांनी चासी नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून घेतला, रंग जुळतो का पाहिलं. ब्रेकवर पाय ठेवायला कुणी आत बसलंच नाही.

हे सगळं दादाला फोनवर ऐकवलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "एक सांगू? माझ्या जीटीओलाही सहासष्टचा एकेरी सिलिंडरच होता. पोरांना बसवायचं म्हटल्यावर धीर झाला नाही. दुहेरी बसवलाय आणि पुढे डिस्क."

"मग मूळची कुठे राहिली रे दादा?"

"ते आतल्या बाजूला आहे, दिसत नाही," म्हणाला.

असो. पुण्याच्या गृहस्थांना मी नाही कळवलंय. आई दोन दिवस बोलत नव्हती, आता बोलते. मागच्या ब्रेक शूला नवीन लायनर मारायचे आहेत, चाचांचा मुलगा येतो म्हणालाय. आणि ज्यांनी ज्यांनी गोठ्यातल्या हरिकेनबद्दल विचारलं त्यांच्यासाठी : इंजिन आहे तिथेच आहे, पण सध्या त्याच्यावर कोंबडी अंड्यांवर बसली आहे. तेव्हा पंधरा-वीस दिवस तरी विषय काढू नका.