भार एकट्याचा नाहीं

चिता आणि चिंता या दोन शब्दांत एका अनुस्वाराचाच काय तो फरक, असें आपले वडीलधारे सांगत आले आहेत. चिता मेलेल्याला एकदांच जाळते. चिंता जिवंत माणसाला रोज जाळते. परीक्षा जवळ आली कीं ज्यांच्या पोटांत दुखूं लागतें, ज्यांना रात्ररात्र झोप येत नाहीं, अशीं मुलें प्रत्येक शिक्षकाच्या पाहण्यांत आहेत. त्यांच्या आईबापांची स्थितीही फारशी निराळी नाहीं. कचेरी सुटली तरी तिचें काम मोबाईलबरोबर घरीं येतें आणि जेवतांनाही माणसाचा पिच्छा सोडीत नाहीं. कामाच्या दीर्घकाळच्या ताणानें येणारी ही ग्लानि इतकी सर्वत्र आहे कीं, 2019 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगवर्गीकरणांत, रोग म्हणून नव्हे, पण नोकरीधंद्याशीं निगडित अवस्था म्हणून, तिची नोंद केली.

अशा वेळीं आम्हां ख्रिस्ती मंडळींत दोन प्रकारचा उपदेश ऐकूं येतो. प्रार्थना केली कीं सर्व ठीक होईल, हा एक. आणि ज्याला काळजी वाटते त्याचा विश्वासच कच्चा, हा दुसरा. माझ्या मतें पहिला उपदेश अपुरा आहे आणि दुसरा निर्दय आहे. थकलेल्या माणसाच्या पाठीवर ओझें असतेंच. त्यावर अपराधीपणाचा आणखी एक दगड ठेवण्यानें त्याचें कोणतें हित होणार? शिवाय, पवित्र शास्त्र असें मुळींच शिकवीत नाहीं.

एलीया संदेष्ट्याची हकीकत पाहा. ईजबेल राणीच्या धाकानें तो रानांत पळाला, एका रतामाच्या झुडपाखालीं बसला आणि देवाजवळ त्यानें मरण मागितलें. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याची ही दशा! पण देवानें त्याला दोष दिला नाहीं. आधीं त्याला झोप मिळाली. मग देवदूतानें त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिलें. तो पुन्हां निजला, पुन्हां जेवला, आणि त्यानंतरच होरेब डोंगराची वाट चालूं लागला. पुढें देवानें त्याला काम दिलें, पण त्या कामाबरोबर अलीशा हा सोबतीही दिला; आणि मी एकटाच उरलों आहें असें म्हणणाऱ्या त्या भक्ताला, इस्राएलांत सात हजार माणसें अजून निष्ठावंत आहेत, हें कळविलें. झोप, अन्न, सोबत आणि काम हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

मोशेची गोष्ट याहूनही व्यवहाराची आहे. लोकांचे तंटे मिटवीत तो सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच बसे. त्याचा सासरा इथ्रो यानें हें पाहिलें आणि स्पष्ट सांगितलें कीं, अशानें तूंही झिजशील आणि लोकही झिजतील. मग त्याच्या सल्ल्यानें हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमले गेले आणि फक्त अवघड प्रकरणें मोशेकडे येऊं लागलीं. काम वांटून दिल्यानें मोशेचा विश्वास उणा झाला नाहीं. उलट, सर्व जग आपल्याच खांद्यांवर उभें आहे, हा भ्रम मात्र गेला. मला वाटतें, बहुतेक चिंतेचें मूळ याच भ्रमांत आहे. विश्वास म्हणजे काम टाळणें नव्हे. काम माझें, पण फळ सर्वस्वीं माझ्या हातीं नाहीं, हें मनापासून मानणें होय. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें आकाशांतील पांखरांकडे बोट दाखविलें. पण तीं पांखरेंही पहाट होतांच दाणे टिपावयास निघतात, घरट्यांत बसून राहत नाहींत.

आपल्या महाराष्ट्रांत याचें उदाहरण पाहावयाचें तर पंडिता रमाबाईंचें पाहावें. 1896-97 च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराधार मुलींना आणिलें. केडगांवच्या मुक्ति मिशनचा पसारा सांभाळीत असतांनाच त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें काम अनेक वर्षें चालविलें. 1921 सालीं त्यांची एकुलती एक कन्या आणि उजवा हात असलेली मनोरमा वारली. तरीही काम थांबलें नाहीं. 5 एप्रिल 1922 रोजीं झालेल्या त्यांच्या मृत्यूच्या थोडें आधीं तें पुरें झालें. हें एकट्या बाईच्या हातून घडतें ना. ज्यांना त्यांनीं आश्रय दिला त्या मुली व स्त्रिया विणूं लागल्या, शेती पाहूं लागल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. आणि त्यांच्याच हातांनीं तें बायबल छापून निघालें. रमाबाईंची प्रार्थना मोठी होती, तशीच त्यांची दुसऱ्यांवर काम सोंपविण्याची तयारीही मोठी होती.

विद्यार्थिमित्रांनो, यावरून तुम्हीं काय घ्यावें? आजचा धडा आज करा. उद्यांच्या निकालाची धास्ती आजच्या तासांत शिरूं देऊं नका. झोंप मोडून केलेलें पाठांतर ऐन वेळीं दगा देतें. गणित अडलें तर मित्राला विचारा, मन अडलें तर आईला किंवा शिक्षकांना सांगा. आणि दिवसेंदिवस झोप व भूक उडाली असेल तर घरच्यांबरोबर डॉक्टरांकडे जा. त्यांत लाज नाहीं, आणि विश्वासाला बाधही नाहीं. निजण्यापूर्वीं दोन मिनिटें शांत बसून दिवसाचा हिशेब देवाच्या हातीं द्या. आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें आहेत. ज्यानें त्यानें आपापल्या रीतीनें हें करावें.

पालकांना माझी एक नम्र विनंति आहे. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आशा आणि शेजाऱ्याच्या मुलाचे गुण हीं दोन ओझीं मुलाच्या दप्तरांत घालूं नयेत. पुस्तकांचें ओझें त्याला पुरेसें आहे. आठवड्यांतून एक दिवस तरी घरांत कामाचा व गुणांचा विषय काढूं नये. शब्बाथाची आज्ञा दासांना आणि गुराढोरांनाही विसांवा देते; मग तो आपल्या लेंकरांना कां नसावा?

काम कोणासच चुकलें नाहीं, व चुकूंही नये. पण तें करितांना आपल्या वरही कोणी आहे आणि बाजूलाही कोणी आहे, एवढें ज्याला उमगलें, त्याचें ओझें वाहण्याजोगें होतें.