वही आपली राहो, यंत्र कोणतेही असो

व्यापाऱ्याची वही म्हणजे त्याची पत. एका मुनिमाने लिहिलेला रोजमेळ दुसऱ्यास पाहताक्षणी वाचता यावा, ही आपली जुनी शिस्त. आता वही मोबाईलमध्ये शिरली आहे. त्यामुळे सोय झाली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण फोन बदलताच ती वाचता येईनाशी होणार असेल, तर तिला आपली म्हणावे काय?

हा प्रश्न नवा नाही. एकदा रचलेली आज्ञावली सर्वत्र चालावी, असे अभिवचन घेऊन १९९५ साली जावा ही संगणकभाषा पुढे आली. पण फोनांचे पडदे व कळा निरनिराळ्या असल्यामुळे फोनागणिक डागडुजी करावीच लागे. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी व एन्कोर कंपनीने मिळून सिंप्युटर हा हातात मावणारा संगणक घडविला. यंत्र अनेकांत एक असले, तरी ज्याची माहिती त्याच्या कार्डावर राहावी, अशी त्यात योजना होती. ते यंत्र बाजारात टिकले नाही; विचार मात्र मोलाचा होता.

त्या विचाराचे फळ आज धारगळचा दुकानदारही चाखतो. मोपा विमानतळाकडे निघालेला परप्रांतीय प्रवासी कोणत्याही ॲपमधून पैसे देवो, दुकानातील एकाच चौकटीवर ते जमा होतात. कारण २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने सर्वांस नियम एकच लावला. पैसा असा मोकळा फिरतो, मग हिशेबाची वहीच अडकून का पडावी?

प्रत्येक जातीच्या फोनासाठी निराळे ॲप रचणे खर्चाचे आहे, असे रचणारे म्हणतात. ते खोटे नाही. परंतु हिशेबाचा गाभा एकदाच रचावा आणि पडद्यावरील मांडणी तेवढी फोनाप्रमाणे बदलावी, ही पद्धत त्यांस चांगली ठाऊक आहे. गिऱ्हाईक आग्रह धरील, तर ते तसे करतीलही.

म्हणून व्यापारी बंधूंनी ॲप घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो. ते कोणत्याही फोनावर चालते काय? पावसाळ्यात नेटवर्क गेले तरी नोंद होते काय? नोंदी देवनागरीत ठेवता येतात काय? आणि सगळी वही साध्या तक्त्याच्या रूपाने केव्हाही बाहेर काढता येते काय? एकेकट्याचा आग्रह दुबळा पडतो. संघाने तो एकमुखाने धरावा. कागद कोणाचाही असो, वहीवर धनी आपणच होतो. ते धनीपण सोयीच्या मोबदल्यात गहाण पडू नये.