औषधाचे खरे नाव विचारा



गेल्या हंगामात एका सभासदांच्या लागणीत खोडकीड पडली. त्यांनी दोन दुकानांतून दोन औषधे आणली आणि एकाच पंपात मिसळून मारली. डबे पाहिले तर नावे निराळी, आत घटक एकच : क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के. एकरी दीडशे मिली पुरते, तिथे तीनशे गेले. मी बांधावरच त्यांना चार शब्द सुनावले.

आणि थोड्याच दिवसांत तोच प्रकार माझ्या घरी निघाला. आईला रक्तदाबाची एक गोळी चालू होती. ती माझ्या बहिणीकडे गेली असता तिथल्या डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली. आई दोन्ही घेत राहिली. पाय सुजले, चक्कर येऊ लागली. पाकिटे शेजारी-शेजारी धरली तेव्हा दिसले, दोन्हीत ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. दुसऱ्याचे डबे वाचणाऱ्याच्या घरात ही गत!

सरकारी यादी आहे. राष्ट्रीय आवश्यक औषध यादी १९९६ साली पहिल्यांदा निघाली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत, सगळी घटकाच्या नावाने. ॲम्लोडिपिन त्यात आहेच. सप्टेंबर २०१८ पासून एकाच घटकाच्या गोळीवर ते नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियमही आहे. पण छापतात इंग्रजीत, आणि वाचायचे आमच्या आईने!

दुकानदाराला बोल लावून उपयोग नाही. चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल तर त्याच घटकाची दुसरी गोळी परस्पर द्यायला बहुतेक औषधांबाबत कायदाच मना करतो. म्हणजे जे विचारायचे ते डॉक्टरांसमोरून उठण्याआधी. डॉक्टरांनी घटकाचे नाव लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला, आणि त्याच महिन्यात स्थगित केला. स्वस्त गोळीच्या दर्जाबद्दल डॉक्टर मंडळी शंका काढतात, ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मग तपासणी कडक करा ना! घटकाचे नाव लिहायला काय हरकत? व्यापारी नाव हवे तर शेजारी लिहा.

दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, रिकामी झालेलीसुद्धा. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आईची एक गोळी डॉक्टरांनीच बंद केली. सूज आता उतरली आहे. खोडकिडीच्या औषधाचे म्हणाल तर विकत घेण्याआधी नाव लिहून गट ऑफिसात या. सकाळी दहापर्यंत मी असतो.