लांडग्याचा वंशज आणि आपलें कर्तव्य

रस्त्यांत कुत्रें दिसलें कीं हातांत दगड घ्यावयाचा, ही आमच्या कांहीं विद्यार्थ्यांची खोड आहे. आणि शिव्या देतांना तर या प्राण्याचें नांव सर्वांच्या आधीं जिभेवर येतें. ज्यास आपण इतकें तुच्छ लेखतों त्याची कुळकथा थोडक्यांत सांगून, तिच्यापासून निघणारा बोध विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

निरनिराळ्या रानटी जातींपासून कुत्रीं निपजलीं असावींत, असें डार्विनसाहेबांस वाटत असे. परंतु आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणावरून आतां ठरलें आहे कीं, झुबकेदार पामेरियनापासून शिकारी कारवानीपर्यंत सर्व कुत्र्यांचा मूळपुरुष करडा लांडगाच होय. मात्र सोलापूरकडील माळरानांवर आज हिंडणारे लांडगे हे कुत्र्याचे आजोबा नव्हत, दूरचे चुलतभाऊ होत. ज्या प्राचीन लांडग्यांपासून कुत्रा झाला, ती शाखा आज कोठेंही जिवंत आढळलेली नाहीं.

हा क्रूर श्वापद माणसाळला कसा? कोणी म्हणतात, मनुष्यानें पिलें आणून पाळलीं. कोणी म्हणतात, जे कमी भित्रे लांडगे वस्तीजवळच्या उष्ट्यावर जगूं लागले तेच पुढें सोबती झाले. मत कोणतेंही खरें ठरो. हें कार्य दंडुक्यानें झालें नसावें, असें आम्हांस वाटतें. सन १९५९ पासून सायबेरियांत बेल्यायेव्ह नांवाच्या शास्त्रज्ञानें रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग चालविला. मनुष्याशीं सौम्यपणें वागणारे तेवढेच कोल्हे त्यानें पैदाशीकरितां निवडले. थोड्याच पिढ्यांत शेपटी हालविणारे व हात चाटणारे कोल्हे निपजले!

याहून हृदयस्पर्शी पुरावा जर्मनींतील आहे. बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें सन १९१४ मध्यें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें एक थडगें सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री व कुत्र्याचे अवशेष होते. सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दांतांवरील खुणांवरून असें अनुमान निघालें कीं, सुमारें सात महिन्यांचें तें पिलूं मरणापूर्वीं कित्येक आठवडे डिस्टेंपर रोगानें पीडित होतें, आणि शुश्रूषेवांचून तें इतके दिवस जगलें नसतें. तें शिकारीच्या उपयोगाचें नव्हतें; तरी कोणींतरी त्याची काळजी वाहिली. ज्यांस आपण रानटी म्हणतों त्यांनीं हें केलें, आणि आपण शाळेंत शिकून दगड मारावा काय?

पालक म्हणतील, पिसाळलेलें कुत्रें चावलें तर? ही भीति रास्त आहे. चावा बसल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि विलंब न लावितां रुग्णालयांत जाऊन लस टोचून घ्यावी. परंतु दगडानें हा रोग हटत नाहीं. तो कुत्र्यांस लस टोचल्यानें हटतो. उलट, डिवचलेलें कुत्रेंच अधिक चावतें.

लांडगा रानांत आपलें पोट भरतो. कुत्र्याचें पोट आपल्या दाराशीं बांधलेलें आहे. पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति त्यास लांडग्याहून अधिक आहे, ती मनुष्याच्या अन्नावर पिढ्यानुपिढ्या राहिल्यामुळेंच. ज्यास आपल्या भाकरीची संवय लाविली त्यास वाऱ्यावर सोडणें हा विश्वासघात होय. म्हणून हौसेखातर पिलूं आणून, तें मोठें झाल्यावर रस्त्यावर सोडून देणाऱ्या पालकांसही आमचें हेंच सांगणें आहे. परमेश्वरानें मनुष्यास प्राण्यांवर जो अधिकार दिला तो कारभाऱ्याचा आहे, जुलमाचा नव्हे. श्रीमंताच्या दाराशीं पडलेल्या लाजराजवळ कोण आलें होतें, हें आमचे विद्यार्थी जाणतातच.

या उन्हाळ्यांत प्रत्येकानें आपल्या दाराबाहेर पाण्याचें एक भांडें ठेवावें, आणि हातांतील दगड खालीं टाकावा, एवढीच आमची विनंति आहे.